मूल नवीन काही खातच नाही? सक्ती न करता चव कशी लावायची

दीड वर्षाचं होईपर्यंत पानातलं सगळं मिटक्या मारत खाणारं मूल दोन वर्षांचं झालं की हिरवं काही दिसताच तोंड घट्ट मिटून घेतं. भात हवा तो नुसता, पोळी हवी ती तूप-साखरेची. आमटीत कोथिंबिरीचं पान तरंगताना दिसलं तरी वाटी परत. मग घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, ‘जरा डोळे वटारा, खाईल गुपचूप.’ दुसरा म्हणतो, ‘नको तर नको, मोठं झालं की खाईल,’ आणि मुलासाठी वेगळ्या बटाट्याच्या काचऱ्या करायला घेतो.

मला दोन्ही पटत नाहीत. अनोळखी पदार्थ मुलाला खायला लावू नये, पण तो वाढायचंही थांबवू नये. वाढत राहणं हे आपलं काम आहे आणि तोंडात घालायचं की नाही हे मुलाचं. ऐकायला सोपं वाटतं. रोजच्या स्वयंपाकात, सासू-सासऱ्यांसमोर, ऑफिसहून दमून आल्यावर ते निभावणं अवघड असतं, म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे. पुढचं सगळं साधारण दीड ते आठ वर्षांच्या, एरवी तब्येत बरी असलेल्या मुलांसाठी आहे. डॉक्टरांकडे कधी जायचं ते शेवटी आहे, आणि तो भाग गाळू नका.

मूल नाकारतं ते कशामुळे

पहिल्या वर्षात बाळाचं वजन जन्मावेळच्या साधारण तिप्पट होतं. तीन किलोचं बाळ वाढदिवसाला नऊ किलोच्या आसपास असतं. त्यानंतर वजन वर्षाला दोन-अडीच किलोनेच वाढतं. वाढीचा वेग असा उतरला की भूकही उतरते. आपल्याला वाटतं, पूर्वी वाटीभर खिमट खायचं, आता चार घासांत उठतं, म्हणजे काहीतरी बिघडलं. बऱ्याचदा काहीही बिघडलेलं नसतं.

दुसरं कारण म्हणजे अनोळखी अन्नाची भीती. ती साधारण दोन ते सहा या वयात सगळ्यांत जास्त असते आणि जगभरातल्या मुलांत दिसते. या वयात मूल स्वतःच्या पायांनी हिंडू लागतं आणि हाताला येईल ते तोंडात घालू शकतं. तेव्हा ओळख नसलेल्या पाल्यापासून आणि कडू चवीपासून लांब राहणं हे शरीराचं स्वसंरक्षण असावं, असं अभ्यासक मानतात. विषारी वनस्पती बऱ्याचदा कडू असतात. शिवाय कडूपणा किती तीव्र लागतो हे काही अंशी आनुवंशिक असतं. एकाच घरातल्या दोन भावंडांपैकी एक मेथी आवडीने खातं आणि दुसऱ्याला ती खरोखरच सहन होत नाही. त्याला हट्टी म्हणण्याआधी एवढं लक्षात घ्यावं.

आणि पुष्कळ मुलांचं भांडण चवीशी नसतंच, ते स्पर्शाशी असतं. भेंडीचा बुळबुळीतपणा, टोमॅटोची साल, पालेभाजीचे दातांत अडकणारे धागे. हे ओळखता आलं तर अर्धं काम झालं, कारण मग तीच भेंडी कुरकुरीत परतून चालते.

सक्तीने काय होतं

अमेरिकेत २००६ साली मुलांच्या खाण्याचा अभ्यास करणाऱ्या मानसशास्त्रज्ञ लीअ‍ॅन बर्च आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक साधा पण बोलका अभ्यास प्रसिद्ध झाला. बालवाडीच्या वयातल्या मुलांना सूप दिलं. काही वेळा ‘सूप संपव’ असा लकडा लावला, काही वेळा कुणी काहीच बोललं नाही. लकडा लावला तेव्हा मुलं कमी प्यायली आणि सुपाबद्दल वाईटसाईटही जास्त बोलली. कुणी काही बोललं नाही तेव्हा ती जास्त प्यायली.

आमिषाचंही तसंच. ‘भाजी संपव, मग चॉकलेट’ या वाक्यातून मुलाला दोन गोष्टी कळतात: भाजी ही सोसायची गोष्ट आहे आणि चॉकलेट ही मिळवायची. बर्च यांच्याच १९८४च्या प्रयोगात, बक्षिसासाठी जे पेय प्यावं लागलं त्याची आवड नंतर घटलेली दिसली. इथे एक अपवाद प्रामाणिकपणे सांगायला हवा. ब्रिटनमधल्या काही अभ्यासांत, नुसती चव घेतली म्हणून मुलाला एक छोटं स्टिकर दिलं तर त्याचा फायदा झाला. फरक असा की बक्षीस खाण्याच्या वस्तूचं नव्हतं आणि ते वाटी संपवण्याबद्दल नसून जिभेला लावण्याबद्दल होतं. वापरायचं असेल तर एवढंच वापरा.

नाक दाबून घास कोंबणं, रडत असताना उघड्या तोंडात चमचा घालणं हे तर धोक्याचंच आहे. घास श्वासनलिकेत जाऊ शकतो.

पहिली पायरी: भूक लागू द्या

इथेच सगळ्यांत जास्त घरं अडकतात, म्हणून इथे थोडं थांबते. एका साध्या दिवसाचा हिशेब मांडून बघा. उठल्याबरोबर मोठा पेला दूध, त्यात चॉकलेटी पावडर आणि साखर. दहा वाजता दोन बिस्किटं. अकराला शेजारच्या काकूंनी दिलेली चकली. बारा वाजता केळं, ‘कारण जेवण नक्की नाही जाणार’. साडेबाराला पान वाढतो आणि मूल जेवत नाही. ते जेवेल कसं? दुपारी झोपेतून उठलं की पुन्हा दूध, संध्याकाळी फरसाण, आणि रात्री जेवलं नाही म्हणून झोपताना बाटलीभर दूध.

हा क्रम मोडल्याशिवाय पुढची एकही पायरी उपयोगी पडणार नाही. आठवडाभर एवढंच करा:

– दिवसाचं खाणं पाच वेळांवर आणा: सकाळची न्याहारी, शाळेचा किंवा मधल्या वेळचा डबा, दुपारचं जेवण, चारचं खाणं, रात्रीचं जेवण. दोन वेळांत अडीच-तीन तासांचं अंतर. मध्ये फक्त पाणी.

– वर्षापुढच्या मुलाला दिवसभरात सगळं मिळून ४०० ते ५०० मिलीलीटरपेक्षा जास्त दूध नको. दुधाने पोट भरतं, पण त्यात लोह जवळजवळ नसतंच, आणि जास्त दूध पिणाऱ्या मुलांत रक्तक्षय अधिक आढळतो. बद्धकोष्ठताही होते, आणि पोट साफ नसलं की भूक आणखी मरते. दूध बाटलीतून न देता पेल्यातून, आणि खाण्याच्या वेळेलाच द्या.

– बिस्किटांचा डबा मुलाच्या नजरेच्या टप्प्यातून हलवा. डबा समोर ठेवून ‘नाही’ म्हणत राहण्यापेक्षा तो दिसलाच नाही तर बरं.

– जेवण २० ते ३० मिनिटांत आटोपा. खाल्लं नाही तर शांतपणे पान उचला. पुढचं खाणं त्याच्या वेळेलाच. एखाद्या जेवणाला कमी खाल्लं तर निरोगी मुलाचं काही बिघडत नाही. पण भूक लागल्यावर पुढच्या खाण्यापर्यंत थांबवणं म्हणजे शिक्षा नव्हे. ‘भाजी खाल्ली नाहीस ना, बस आता उपाशी’ असं एकदाही म्हणू नका.

पहिले तीन-चार दिवस रडारड होईल. ती बहुतेक बिस्किटांसाठी असते.

दुसरी पायरी: कामांची वाटणी

एलिन सॅटर या अमेरिकन आहारतज्ज्ञांनी चाळीसेक वर्षांपूर्वी मांडलेली वाटणी आजही बालरोगतज्ज्ञ सांगतात. काय वाढायचं, केव्हा आणि कुठे हे आईवडिलांनी ठरवायचं. त्यातलं खायचं की नाही आणि किती हे मुलाने.

आपल्या घरात याचा अर्थ असा: सगळ्यांसाठी एकच स्वयंपाक. मुलासाठी वेगळी मॅगी नाही. पण प्रत्येक जेवणात मुलाच्या ओळखीची निदान एक गोष्ट असायलाच हवी. वरणभात, दही, पोळी, काकडी, काहीही. मग गवारीची भाजी केलीत आणि मूल फक्त दहीभात जेवलं तरी तुमचं काम पूर्ण झालं. तिखटाचं जमवून घ्या: भाजी फोडणीत तिखट घालण्याआधी वेगळी काढली तर तो वेगळा स्वयंपाक होत नाही.

‘पानात टाकायचं नाही’ हा आपला जुना नियम आहे आणि मला तो सोडवत नाही. सोडायची गरजही नाही. तो मुलाच्या गळ्यात न अडकवता वाढणाऱ्याच्या हातात ठेवायचा: वाढायचंच इतकं थोडं, की टाकलं तरी अन्नाचा अपमान होणार नाही. त्यासाठीच पुढची पायरी.

तिसरी पायरी: डाव्या बाजूचा उपयोग

आपल्या ताटाची डावी बाजू या कामासाठी फार उपयोगी आहे. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचं हे सगळं डावीकडे चवीपुरतंच वाढतात. वाटीभर चटणी संपव असं कुणी कुणाला म्हणत नाही. नवा पदार्थ मुलाच्या पानात तिथेच वाढा, शेंगदाण्याएवढा. त्याला घरचं नाव द्या, ‘चवीचा घास’ म्हणा हवं तर. उजवीकडे नेहमीचं जेवण, डावीकडे आजची ओळख.

आता आकडा महत्त्वाचा. नव्या पदार्थाची आवड निर्माण व्हायला तो साधारण ८ ते १५ वेळा चाखावा लागतो, असं वेगवेगळ्या अभ्यासांत दिसलं आहे. काही मुलांना त्याहून जास्त. बहुतेक घरांत दोन-चार नकारांनंतरच ‘याला दुधी आवडत नाही’ असा निकाल लागतो, आणि दुधी त्या घरात वर्षानुवर्षं शिजत नाही. म्हणून एका वेळी एकच पदार्थ निवडा. आठवड्यातून दोन-तीनदा तो डाव्या बाजूला आला पाहिजे, असे दीड-दोन महिने. कॅलेंडरवर खूण करत गेलात तर आपण खरंच किती वेळा वाढलं ते कळतं. अंदाज नेहमी चुकतो.

मूल एकदम गिळणार नाही. आधी ते पानात राहू देईल, आरडाओरडा करणार नाही. ही पहिली प्रगती. मग बोटाने ढकलून बघेल. वास घेईल. जिभेचं टोक लावेल. चावून थुंकेल. थुंकायची मुभा आधीच द्या, वाटी शेजारी ठेवा आणि नाक मुरडू नका. थुंकता येतं हे माहीत असलेलं मूल तोंडात घालायला लवकर धजावतं.

चौथी पायरी: ओळखीच्या चवीकडून सुरुवात

कोणता पदार्थ आधी? जो मुलाच्या आवडीच्या पदार्थाच्या सगळ्यांत जवळचा, तो. लाल भोपळ्याचं उदाहरण घेते, कारण तो गोडसर, मऊ आणि स्वस्त आहे. गुळाचे घारगे आवडतात? ते करताना मुलासमोर भोपळा किसा, म्हणजे घारग्यात काय आहे ते त्याला दिसतं. पुढच्या आठवड्यात घारग्याशेजारी डाव्या बाजूला उकडलेल्या भोपळ्याची एक फोड. मग दही घातलेलं भोपळ्याचं भरीत, दही ओळखीचं असल्यामुळे. शेवटी फोडणीची भाजी. पदार्थ एकच, रूप बदलत जातं, आणि दर वेळी त्यात ओळखीचं काहीतरी असतं.

वरणभात खाणाऱ्या मुलाला वरणातच पालक घालून डाळ-पालक. डोसा आवडणाऱ्याला नाचणीची आंबोळी. पोळी खाणाऱ्याला आधी दूध-गुळात कुस्करलेली भाकरी, मग लोणी-भाकरी. मेथी आधी थालीपिठात किंवा मुठ्यांत, मग मूगडाळ घालून, मग परतून. शेपू आणि कारलं अगदी शेवटी. कारलं या वयात नाहीच आवडलं तरी चालेल. मोठ्या माणसांनाही प्रत्येक भाजी आवडतेच असं नाही, आणि कारल्यावाचून कुणाच्या पोषणात खंड पडत नाही.

लपवून खायला घालण्याबद्दल लोक नेहमी विचारतात. पराठ्यात गाजर किसून घातलं तर पोषण नक्की मिळतं, आणि ते जरूर करा. पण लपवलेल्या भाजीची ओळख होत नाही, कारण मुलाला ती दिसतही नाही आणि चवीतही कळत नाही. तेव्हा त्याच्या जोडीला ती भाजी उघडपणे पानात हवीच. आणि मुलाने विचारलं, ‘यात काय आहे?’ तर खोटं सांगू नका. एकदा फसवलं गेलेलं मूल मग पोळीसुद्धा उलगडून तपासतं.

पाचवी पायरी: हात लागू द्या, माणसं असू द्या

मंडईत मुलाला एक भाजी निवडू द्या. मटार सोलणं, मेथी निवडणं, कोथिंबीर खुडणं, कणकेचा गोळा मळणं ही तीन वर्षांच्या मुलाची कामं आहेत. थंडीतला कोवळा मटार सोलता सोलता कच्चाच तोंडात जातो. पानात वाढलेला गेला नसता.

मुलं दुसऱ्या मुलांकडे बघून खातात, हेही बर्च यांनी १९८० सालीच दाखवलं होतं. न आवडणारी भाजी आवडीने खाणाऱ्या सवंगड्यांशेजारी काही दिवस बसवल्यावर मुलांची निवड बदलली. अंगणवाडीत किंवा शाळेत पोषण आहाराची मटकीची उसळ वाटी चाटून खाणारं मूल घरी तीच उसळ नाकारतं, त्यामागेही पुष्कळदा हेच असतं. मामेभावंडं आली की पंगत बसवा. मोठ्यांनी दिवसातून निदान एक वेळ मुलाबरोबर जेवायला बसावं, आणि तीच भाजी स्वतःच्या पानात घ्यावी. बाबा शेवग्याची शेंग बाजूला सारत असतील तर मुलाला उपदेश करून उपयोग नाही.

मोबाइल मात्र बंद. कार्टून लावलं की तोंड उघडतं आणि घास जातो हे खरं आहे, पण मूल काय खातंय हे त्याला कळतच नाही; पोट भरल्याचंही कळत नाही. ज्या चवीची ओळख व्हावी म्हणून एवढा खटाटोप, ती चव पडद्यामागे हरवते. एकदम जमत नसेल तर आधी रात्रीचं एक जेवण तसं करा.

जेवताना काय बोलावं

शक्यतो जेवणाबद्दल काहीच बोलू नये. शाळेचं, मांजराचं, पावसाचं बोला. बोलायचंच असेल तर पदार्थाचं वर्णन करा: ‘हे पडवळ आज कुरकुरीत झालंय,’ ‘यात आजीने ओलं खोबरं घातलंय.’ नको म्हटलं तर ‘बरं, राहू दे पानात,’ एवढंच. ‘बघ, ताई कशी शहाण्यासारखी खाते’ ही तुलना नको. पाहुण्यांसमोर ‘आमचा काही खातच नाही बाई’ हेही नको. मुलं आपल्याबद्दलची वाक्यं ऐकतात आणि त्यांना जागतात. चव घेतली तर टाळ्या वाजवू नका, ‘कशी लागली?’ असं विचारा. ‘घाण’ असं उत्तर आलं तर ‘कडू लागली की आंबट?’ हा पुढचा प्रश्न.

‘एक घास काऊचा, एक घास चिऊचा’ याला माझा विरोध नाही. बाळाला प्रेमाने भरवण्याची ती आपली जुनी रीत आहे. पण मूल मान फिरवत असताना काऊ-चिऊच्या नावाखाली आणखी दहा घास कोंबले तर ती सक्तीच झाली. दीड-दोन वर्षांनंतर घास त्याच्या हातातच द्या, सांडलं तरी.

आजी-आजोबांशी वाद घालण्यापेक्षा त्यांना काम द्यावं. ‘आई, तुम्ही खाऊ देऊ नका’ यापेक्षा ‘आई, मेथी निवडताना तिला शेजारी घ्याल का? आणि चारचं खाणं तुमच्याच हातचं असू दे’ असं म्हटलं तर घर एका बाजूला येतं. त्यांच्या पिढीने वजनाची चिंता करत मुलं वाढवली. कमी जेवणारं मूल बघून त्यांचा जीव तुटतो. तेव्हा त्यांच्यासमोर मुलाचा वाढीचा तक्ता उघडून ठेवा, त्याने बोलणं सोपं होतं.

घरात धाकटं बाळ असेल तर

सहा महिने फक्त आईचं दूध आणि त्यानंतर वरचं अन्न, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस सगळ्यांना ठाऊक असते. पुढची गोष्ट मात्र सुटते: सहा महिने ते एक वर्ष हा काळ नव्या चवींसाठी सगळ्यांत मोकळा असतो. नाचणीचं सत्त्व, मऊ भात, डाळी, उकडलेली भाजी, अंडं, खात असाल तर मासा, सगळं याच काळात फिरवून द्या. आणि सगळं मिक्सरमधून काढू नका. दहा महिन्यांपर्यंत गुठळ्या असलेलं अन्न तोंडात न गेलेल्या मुलांत पुढे खाण्याच्या तक्रारी जास्त दिसल्या, असं ब्रिटनमधल्या एका मोठ्या पाहणीत आढळलं. सहा महिन्यांना गुळगुळीत, आठ महिन्यांना बोटाने कुस्करलेलं, दहा महिन्यांना मऊ फोडी हातात. मध मात्र पहिल्या वर्षात नाही. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, लाह्या, अख्खी द्राक्षं चार-पाच वर्षांपर्यंत नाहीत. कूट किंवा बारीक तुकडे करून द्या.

डॉक्टरांकडे कधी

२०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांपैकी ६८.९ टक्के मुलांत रक्तक्षय आढळला. रक्तक्षयाने भूक मरते आणि न खाल्ल्याने रक्तक्षय वाढतो. म्हणून मूल फिकट दिसत असेल, लवकर दमत असेल, माती, खडू किंवा भिंतीचा चुना खात असेल, तर चवींचे प्रयोग बाजूला ठेवून आधी हिमोग्लोबिन तपासून घ्या. सरकारी जंतनाशक मोहिमेतली गोळीही चुकवू नका. घरी उसळ, पालेभाजी यांवर लिंबू पिळा, त्याने लोह चांगलं शोषलं जातं. जेवणासोबत चहा मुळीच नको.

याशिवाय पुढचं काही दिसलं तर थांबू नका: वजन वाढतच नाही किंवा उतरतं आहे, खाताना ठसका लागतो, घास अडकतो, वारंवार उलटी होते, गिळताना दुखतं, एकेक करत पदार्थ गळत चाललेत आणि वीसएकसुद्धा उरले नाहीत, एकच रंग किंवा एकाच प्रकारचा स्पर्श चालतो आणि दुसरं समोर आलं की मूल घाबरून जातं, किंवा खाण्याच्या जोडीला बोलणं आणि नजर मिळवणं यांतही मागे आहे. यातल्या काही मुलांना स्वमग्नता (ऑटिझम) असते, काहींना खाणं टाळण्याचा स्वतंत्र आजार असतो. त्याची नोंद २०१३पासून मानसिक आजारांच्या अमेरिकन वर्गीकरणातही झाली आहे. अशा मुलांना ऑक्युपेशनल थेरपिस्ट (खाण्यासारख्या रोजच्या क्रिया सरावाने शिकवणारे तज्ज्ञ) किंवा गिळण्याच्या अडचणींवर काम करणारे वाचा-उपचारतज्ज्ञ लागतात. घरच्या युक्त्या त्यांना पुरत नाहीत, आणि त्यात आईवडिलांचा काही दोषही नसतो.

भेटीला जाताना आठ दिवसांची नोंद बरोबर न्या: किती वाजता, काय, किती खाल्लं, दुधाचे किती पेले, शी कधी आणि कशी झाली, काय नाकारलं आणि नाकारताना नेमकं काय केलं. मुलाचं माता-बाल संरक्षण कार्डही घ्या. त्यावरची वजनाची रेघ बघितली की डॉक्टरांना पुढचं ठरवणं सोपं जातं.